घाटातल्या वळणावर आपण नेमके कुठे चुकतो?

रानवाट (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या नोव्हेंबरात आंबेनळी घाट उतरताना मी मोटरसायकलवरून पडलो. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे चाललो होतो. सकाळचे साडेनऊ, रस्ता कोरडा, स्वच्छ ऊन. खड्डा नव्हता, कुत्रं आडवं आलं नव्हतं, दुसऱ्या कुणाची काही चूक नव्हती. उजवी कॉलरबोन मोडली आणि सात आठवडे हात गळ्यात होता. त्या सात आठवड्यांत ते चार-पाच सेकंद मी इतक्या वेळा आठवले आहेत की आता ते नीट लिहून काढावेत असं वाटलं. १४ वर्षं गाडी चालवतोय, म्हणून आपल्याला येतं असं धरून चालणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हा धागा.

घडलं ते असं. डावं वळण होतं. मी चौथ्या गिअरमध्ये, काटा ५०च्या आसपास. वळणाची सुरुवात बघून वाटलं, सहज निघेल. पण ते पुढे आवळत गेलं. निम्म्यात आल्यावर कळलं की गाडी मध्यरेषेकडे सरकतेय, आणि तेवढ्यात समोरून एसटी आली. मी रेस झटक्यात सोडली, मागचा ब्रेक दाबून धरला आणि नजर पलीकडच्या दगडी कठड्यावर खिळली. माझी गाडी २०१५ची, ३५० सीसीची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. मागचं चाक लॉक झालं, झुकलेली गाडी उभी राहिली आणि डोळे जिथे होते तिथेच, कठड्याकडे, सरळ निघाली. बसच्या तोंडासमोरून पलीकडे गेलो आणि कडेच्या मुरमावर आडवा झालो. बस तोवर थांबली होती. चालकाने मला माझ्या आधी ओळखलं होतं. बंपर आणि माझ्यात दोन हात अंतर असेल. त्यांनीच उतरून मला बाजूला बसवलं, पाणी दिलं. नाव विचारायचं भानही मला राहिलं नाही.

पहिले काही दिवस मी म्हणत होतो, ब्रेक चुकला. हळूहळू पटलं की ब्रेक हा शेवटचा धडा होता, पहिला धडा मी १०० मीटर आधी गाळला होता. वळणाचा जेवढा भाग दिसत होता तेवढ्यावरून मी वेग ठरवला आणि जो दिसत नव्हता तोही तसाच असेल असं धरलं.

आणखी एक गोष्ट मला त्यानंतर उमगली. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर गाडी बाहेर गेली की समोरच्याच्या लेनमध्ये जाते आणि उजव्या वळणावर बाहेर गेली की रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे गटारात नाहीतर दरीत. उजव्या वळणाचा दुसरा धोका सहसा कुणी बोलत नाही. चाकं आपल्या लेनमध्ये असतात, पण गाडी झुकल्यावर आपलं डोकं आणि खांदा मध्यरेषेपलीकडे लटकत असतो, नेमका समोरून येणाऱ्या ट्रकच्या आरशाच्या उंचीवर. मी स्वतः कित्येक वर्षं असाच चालवत होतो.

सध्या मी काय करतो ते सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. ब्रेक आणि गिअर दोन्ही गाडी सरळ असतानाच उरकतो. वळणात शिरताना रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात त्या जागी नजर ठेवतो. ती जागा माझ्याकडे येत असेल तर वळण आवळतंय, वेग अजून कमी. ती पुढे पळायला लागली तर वळण सुटतंय, मग हळूहळू रेस. डाव्या वळणाला लेनच्या उजव्या भागातून शिरतो, म्हणजे पुढचं जास्त दिसतं, पण मध्यरेषेपासून हातभर आत राहतो.

तुमचे अनुभव लिहा. पडलात ते तर नक्कीच लिहा.

---

नवीन_चाक | शनिवार, रात्री १०.२५

दादा, लवकर बरे व्हा. मी चार महिन्यांपूर्वी २५० घेतली. ग्रुपमधले म्हणतात, टायरवर विश्वास ठेव आणि अजून झुकव. ताम्हिणीतून आल्यावर सगळे एकमेकांच्या टायरच्या कडा बघतात, माझ्या कडेची नवी रबर तशीच राहिलीय म्हणून चिडवतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वळणात शिरल्यावर वेग जास्त आहे हे कळलं तर ब्रेक मारायचा की नाही? आणि उजवीकडे वळायला उजवं हँडल पुढे ढकलायचं म्हणतात ते खरं आहे का? ऐकायलाच उलटं वाटतं.

---

टॉर्क_आणि_तर्क | शनिवार, रात्री ११.५०

नवीन_चाक, हँडलचं ते खरं आहे. साधारण २०-२५ किमीच्या वर सगळेच तसं करतात, बहुतेकांना ते माहीत नसतं इतकंच. उजवं हँडल हलकेच पुढे ढकललं की पुढचं चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे झुकते आणि झुकली की वळते. हे शरीराला माहीत असतं, पण घाबरल्यावर शरीर विसरतं. माणूस दोन्ही हातांनी हँडल आवळून धरतो आणि गाडी झुकायची थांबते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ४०च्या वेगाने जाताना एकदा उजवं, एकदा डावं हँडल तळहाताने अगदी हळू ढकलून बघ. काय होतं ते हाताला कळू दे, मग घाटात जा.

आता आकडे. २० मीटर त्रिज्येचं सपाट वळण धरू, म्हणजे घाटातलं बऱ्यापैकी आवळ वळण. ३०च्या वेगाने गाडी साधारण २० अंश झुकवावी लागते, ४०ने ३२ आणि ५०ने जवळजवळ ४५. वेग ३०वरून ५० झाला तर झुकाव दुपटीहून जास्त वाढतो, कारण हिशेबात वेगाचा वर्ग येतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं पायदान ४५च्या कितीतरी आधी रस्त्याला घासतं. धागाकर्त्यांची ३५० त्या वळणाला ५०ने निघण्यासारखी नव्हतीच. ३५ने निघाली असती, चहा प्यायला वेळ मिळाला असता.

ब्रेकचं उत्तर थोडं लांब आहे. टायरची पकड म्हणजे एक भाकरी, तिचे दोन वाटेकरी: वळणं आणि थांबणं. वळायला बहुतेक भाकरी संपली असेल तर ब्रेकला चतकोर उरते. तेवढीच मागितलीस तर मिळते, जास्त मागितलीस की टायर घसरतो. म्हणून झुकलेल्या गाडीवर दोन्ही ब्रेक अगदी हळू लावता येतात आणि गाडी जसजशी उभी होईल तसतसे वाढवता येतात. दाबायचे नाहीत. समोर सरळ जागा असेल तर आधी झुकलेली गाडी सरळ कर, मग जोरात ब्रेक. जागा नसेल तर रेस आहे तिथे धर, डोळे वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर ने आणि आतलं हँडल अजून ढकल. बऱ्याच वेळा गाडी वळू शकत असते, आपणच तिला वळू देत नसतो.

एबीएसवर फार विसंबू नकोस. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९पासून ते सक्तीचं आहे, पण अनेक गाड्यांना फक्त पुढच्या चाकाला असतं. शिवाय साधं एबीएस चाक लॉक होतंय का एवढंच पाहतं. गाडी किती झुकली आहे हे कळणारी यंत्रणा महागड्या गाड्यांतच येते.

---

रानवाट | रविवार, सकाळी ७.१५

@टॉर्क, हे आकडे नोव्हेंबरच्या आधी वाचायला मिळाले असते तर! नवीन_चाक, टायरच्या कडांवरून चिडवणाऱ्या ग्रुपबरोबर घाटात जाऊ नकोस. हे मी अगदी मनापासून सांगतोय. पुढचा निघाला म्हणून त्याच्या वेगाने आपणही निघतो आणि त्याचं वळण आपलं समजतो. ठरलेल्या ठिकाणी थांबून सगळे भेटणारे लोक शोध.

---

लालपरी_निवृत्त | रविवार, सकाळी ११.०५

मी ३१ वर्षं एसटी चालवली. त्यातली बरीचशी कुंभार्ली आणि आंबा घाटात गेली. पोरांनो, बसच्या सीटवरून काय दिसतं ते सांगतो.

बस ११-१२ मीटर लांब. आवळ वळणावर तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून कापतात. म्हणून आम्हाला तोंड बाहेर काढावंच लागतं, ते तुमच्या बाजूला येणारच. तुम्हाला वाटतं ड्रायव्हर दादागिरी करतोय. तसं नसतं. तोंड बाहेर नाही काढलं तर मागचं चाक गटारात जातं. अशा वळणावर बस किंवा लांब ट्रक दिसला की वळणाच्या अलीकडेच थांबा, दहा सेकंदांत मोकळं होतं. आणि बसच्या आतल्या बाजूने गाडी घालायची नाही. चालत्या बसची ती बाजू वळणावर बंद होत जाते आणि आरशात तुम्ही दिसतही नाही.

आंधळ्या वळणाला हॉर्न द्यायचा, एकदा लांब. आणि दिल्यावर कान द्यायचा, पलीकडून उत्तर येतं. हेल्मेटात गाणी चालू असतील तर ते कसं ऐकू येणार? रात्री उलट सोपं असतं. समोरच्याचा उजेड डोंगरावर आधी पडतो, गाडी मागून येते.

चढणाऱ्याला आधी वाट, हे नियमातही आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं. भरलेला ट्रक चढावर थांबला तर त्याला पुन्हा उचलणं किती कठीण असतं ते त्यालाच माहीत. आणि लांबचा उतार उतरणारा ट्रक दिसला की तो तुमच्यासाठी थांबेल असं धरू नका. ब्रेक तापलेले असतात, तो गिअरवर गाडी धरून असतो. तुम्हीही तसंच उतरा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा असं आमचे जुने लोक सांगायचे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारी पोरं पाहिली की आजही पोटात गोळा येतो.

रानवाट, त्या बसवाल्याने तुम्हाला दोन वळणं आधीच पाहिलं असेल. झाडी विरळ असली की वरचा रस्ता खालून दिसतो. आम्ही चढताना वर बघत असतो, कोण किती जोरात येतंय. तुम्ही उतरताना खाली बघायची सवय लावा. बसचं टप दिसतं.

---

मृद्गंध | रविवार, दुपारी ३.३०

काका, हा प्रतिसाद मी साठवून ठेवला आहे. "उतरताना खाली बघा" हे इतकं सोपं आहे आणि मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी आधी सहा वर्षं मागे बसले, आता तीन वर्षं स्वतः चालवते, म्हणून मागे बसणाऱ्यांबद्दल लिहिते. मी मागे असताना वळण आलं की भीतीने उलट्या बाजूला ताठ व्हायचे. गाडी डावीकडे झुकली की मी उजवीकडे. नवऱ्याला वाटायचं गाडीच वळत नाहीये, आणि ती खरंच बाहेर जायची. एकदा पसरणी घाटात पांढऱ्या पट्टीपर्यंत गेलो तेव्हा थांबून बोललो. त्याने एवढंच सांगितलं की वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघ. तेवढं केलं की शरीर आपोआप गाडीबरोबर राहतं, मुद्दाम झुकावं लागत नाही. मांडीवर दोनदा थाप म्हणजे "हळू कर", असंही ठरवलं. वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही.

एका बाजूला पाय टाकून बसणं घाटात तरी कृपया थांबवा. तसं बसलेल्या माणसाचं वजन एकीकडे असतं आणि त्याला धरायला धड काही नसतं. आईला महाबळेश्वरला नेताना मी तिला सलवार-कमीज घालायला लावली, थोडा वाद झाला, पण ती दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. ओढणी आणि पदर नीट खोचलेले असू द्या, साखळीत जातात. दोघं असाल तर मागच्या टायरची हवा गाडीच्या साखळीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत दिलेल्या दोघांच्या आकड्याइतकी भरून घ्या, मागचा शॉकअपही एक-दोन खाचा घट्ट करा. नाहीतर गाडी मागे बसते, पुढचं टोक हलकं होतं आणि एकट्याने सहज घेतलेलं वळण दोघांना जड जातं.

---

कोकणगडी_महाड | रविवार, रात्री ८.१०

माझं गाव महाडजवळ, कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा वरंध घाट. गाडी ११० सीसीची, साधी. बाहेरून येणाऱ्यांना काही गोष्टी दिसत नाहीत त्या सांगतो.

पावसाळ्यात वरंधा बऱ्याचदा बंदच ठेवतात, पण उघडा असेल तेव्हा डोंगराच्या कडेने बघा. जिथे कातळातून पाणी झिरपतं तिथे डांबरावर शेवाळ धरतं. वरून काळंच दिसतं, पण चाक ठेवलं की साबण. पाणी थांबल्यावरही दोन-तीन आठवडे ते राहतं, त्यामुळे ऑक्टोबरात ऊन बघून फसू नका. धबधब्याच्या आसपास वळणावरच गाड्या लावून लोक फोटो काढत असतात. माकडांना खायला घालायला गाडी मध्येच थांबवतात, माकडंही मग रस्त्यातच बसतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गुरं परततात, ती वळणावर वळत नाहीत, सरळ चालतात.

आणि डिझेल. टाकी गळ्यापर्यंत भरलेला ट्रक आवळ वळणाला झुकला की झाकणातून सांडतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला इंद्रधनुष्यासारखी पट्टी दिसली किंवा हेल्मेटात डिझेलचा वास आला तर गाडी न झुकवता, सरळ ठेवूनच ते वळण पार करा. मी एकदा वासानेच वाचलो.

---

कडवट_सत्य | रविवार, रात्री ९.००

सगळं चालकाच्या गळ्यात घालताय हे पटत नाही. आमच्याकडच्या एका घाटात वळणावर खडी टाकून खड्डा बुजवला, रोलर फिरवला नाही, फलक लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझा भाऊ त्याच खडीवर पडला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो ३५च्या वर नव्हता. चूक कुणाची?

---

टॉर्क_आणि_तर्क | रविवार, रात्री १०.४०

कडवट_सत्य, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. त्या खडीची जबाबदारी टाकणाऱ्याचीच आहे आणि लेखी तक्रार, फोटो, तारीख हे सगळं करायलाच हवं. नुकसानभरपाई मागायचाही अधिकार आहे.

तरी एक नोंद ठेवतो. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुसरं वाहन नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चालकाची चूक निघाली. ती चूकही ठरावीक होती. एक तर ब्रेक जास्त लागून घसरणं, नाहीतर वेग जास्त असल्याने किंवा गाडी पुरेशी न झुकवल्याने वळणाबाहेर जाणं. रानवाट यांची गोष्ट शब्दशः तीच आहे, फक्त घाट वेगळा. तिथले रस्ते आणि आपले रस्ते एक नाहीत, त्यामुळे हे प्रमाण इथे जसंच्या तसं लावू नका. पण आपल्याकडे खडी जास्त असेल तर वेग त्यांच्यापेक्षाही कमी हवा, एवढा अर्थ मी त्यातून घेतो. ३०च्या वेगात विचार करायला एक सेकंद धरला तरी कोरड्या रस्त्यावर साधारण १४-१५ मीटरमध्ये गाडी थांबते. ५०ला तेच अंतर ३० मीटर होतं. आंधळ्या वळणावर ३० मीटर पुढचं दिसतं कुठे?

---

कडवट_सत्य | रविवार, रात्री ११.०५

तक्रार केलीये, पोच घेतलीये. वेगाचं मान्य. भावालाही हा धागा वाचायला देतो. तो आता गाडीवर बसायलाच तयार नाही.

---

अस्थिमज्जा | सोमवार, सकाळी ८.२०

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, घाटाच्या पायथ्याच्या गावात. दर पावसाळ्यात असे रुग्ण येतात, त्यामुळे थोडं.

माणूस पडताना हात पुढे टाकतो. हे थांबवता येत नाही, म्हणून हातमोजे. तळहाताची कातडी गेली की साधा घास घ्यायलाही दुसरा माणूस लागतो. पावलांवर गाडी पडते, म्हणून घोट्यावर येणारे बूट. चप्पल घालून आलेल्या एका विशीतल्या मुलाचा घोटा मी तीनदा उघडला आहे. हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण चेहरा झाकणारं, आणि पट्टा लावलेला. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं. कायद्याने ते मागच्यालाही लागतं, आणि मागचा माणूस पडतो तेव्हा त्याच्या हातात हँडलही नसतं.

दुसरा कुणी पडलेला दिसला तर: आधी आपली गाडी वळणाच्या अलीकडे लावा आणि कुणाला तरी वर-खाली पाठवून येणाऱ्या गाड्या थांबवा. जखमीला उचलून बसवायची घाई करू नका. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असेल तर ती वाढते. फक्त काच वर करा. तोंडात पाणी ओतू नका. १०८ला फोन करा आणि जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा, "घाटात" म्हटल्यावर गाडी शोधत फिरते. रेंज नसेल तर जाणाऱ्या एसटीच्या वाहकाला निरोप द्या. पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ क, जे २०१९च्या दुरुस्तीने आलं, ते मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही.

रानवाट, तुम्हाला पाणी दिलं होतं म्हणून लिहिलं. त्या चालकांचा हेतू चांगलाच होता. पण ऑपरेशन लागणार असेल तर पोट रिकामं बरं.

---

श्वार्झवाल्डचा_सह्याद्रीकर | सोमवार, दुपारी १.३०

मी जर्मनीत स्टुटगार्टला असतो, उन्हाळ्यात ब्लॅक फॉरेस्टमधल्या वळणांवर चालवतो. इथे उजवीकडून चालायचं, त्यामुळे धागाकर्त्यांनी सांगितलेलं डावं-उजवं सगळं उलटं होतं. पहिल्या महिन्यात माझं डोकं डाव्या वळणांना रेषेपलीकडे जायचं. इथली एक गोष्ट आपल्या घाटांत यावी असं फार वाटतं: मोटरसायकलींची गर्दी असलेल्या अनेक वळणांवर लोखंडी कठड्याच्या खाली आणखी एक आडवी पट्टी लावतात. घसरलेला माणूस खांबावर आपटत नाही, पट्टीवरून सरकतो.

---

रानवाट | पुढचा रविवार, दुपारी १२.५०

आज पहाटे पुन्हा गेलो. गाडी त्या वळणाच्या बरीच वर, मोकळ्या जागेत लावली आणि चालत खाली येऊन कडेला तासभर उभा राहिलो.

काका म्हणाले ते खरं निघालं. त्या वळणाच्या आधीच्या उजव्या वळणावरून झाडीतून खालचा रस्ता दिसतो, जेमतेम दोन सेकंद, पण दिसतो. मी असताना दोन बसगाड्या तिथूनच दिसल्या. नोव्हेंबरात मी त्याच जागी असताना वेगाच्या काट्याकडे बघत होतो, हे मला आता नक्की आठवतं.

मग गाडी आणली आणि ते वळण दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं, काटा ३०ला जरा कमी. हात थरथरत होते. नजर कठड्याकडे गेलीच, ती ओढून पुढे न्यावी लागली. परत वर जाऊन पुन्हा उतरलो, असं चार वेळा. चौथ्यांदा कठडा दिसला नाही.

पोलादपूरकडे जाणाऱ्यांसाठी: त्याच वळणाच्या बाहेर पडतानाच्या भागात, डाव्या कडेला, डोंगरातून आलेली बारीक खडी साचली आहे. दोन हात रुंद पट्टा आहे. जमेल तेवढी पायाने बाजूला केली, पण सगळी निघाली नाही. या आठवड्यात जाणार असाल तर कडेला चिकटू नका.

---

कोकणगडी_महाड | रविवार, दुपारी १.२०

उद्या त्याच बाजूला काम आहे. खराटा घेऊन जातो.